डावा गाल

दुपारचं जेवण उरकून नीलाक्षी जरा आडवी होते. पंखा फिरतोय, खाली कुणीतरी नळी लावून गाडी धुतंय. डोळे मिटतात, पण सकाळचा फोन कानातून जात नाही. "मार्गदर्शक वारले असतील तर दुसरे शोधा, मॅडम. आधीचे रुग्ण मात्र धरता येणार नाहीत. नियम आहे." परीक्षा मंडळातला माणूस तसा मवाळपणेच बोलला होता.

अर्धांगानंतर ज्यांना घास उतरत नाही, त्यांना पुन्हा गिळायला शिकवणं हे नीलाक्षीचं काम. त्यातल्या तज्ज्ञांच्या परीक्षेला बसायचं, तर मान्यता असलेल्या गुरूच्या नजरेखाली ठरलेले रुग्ण तपासावे लागतात. तिचा शेवटचा एक उरला होता आणि खुद्द तिच्या गुरूंना, सबनीस सरांनाच अर्धांगाचा झटका आला. आठवड्याभरात ते गेले. आता पहिल्यापासून कोण करत बसणार? तिने परीक्षेचा नाद सोडलाय.

पाण्याचा आवाज जवळ येतो. नळ तिच्या उशाशीच वाहतोय. ती उठून तो बंद करते, तर बेसिन हॉस्पिटलातलं. मागे पलंगावर सबनीस सर बसलेत. पांढरा सदरा, तोंड डावीकडे ओघळलेलं.

"सर, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की." आवाज ओला, घशात काही राहिलेल्या माणसासारखा. "तुझा एक उरलाय. मला बघ."

ती चमच्यात पाणी घेते. पलंग आता परीक्षेच्या हॉलमध्ये आहे. बाकांवर माणसं पाठमोरी बसलीत, एकाचीही मान हलत नाही. ती सरांच्या गळ्यावर बोटं ठेवते. गळा माठासारखा गार.

"गिळा, सर."

बोटांखाली काहीच हलत नाही. बाकांवरची माणसं मात्र एकदम आवंढा गिळतात.

"पुढे?" सर विचारतात. "पाणी पाजलं की झालं?"

"नाही. तोंड बघायचं. दुबळ्या बाजूला काही अडकलंय का ते."

"मग बघ ना. घरच्यांनी शेवटचं पाणी घातलं, रडले. गाल कुणी बघितला नाही."

सर तोंड उघडतात. आत अंधार आहे, तोंडात मावणार नाही एवढा. ती तर्जनी डाव्या गालात सरकवते. हिरडीला लागून काहीतरी चिकटलंय. ती ते अलगद ओढून काढते.

सर खोकतात. मग त्यांचा वर्गातला आवाज येतो, स्वच्छ. "हां. आता बरं वाटतं."

"सर, हा धरतील का?"

"मेलेला पेशंट कोण धरेल, नीला? पहिल्यापासून कर."

"सगळे?"

"सगळे. आणि प्रत्येकाचा गाल बघ."

"हो, सर."

स्वतःच्याच आवाजाने तिला जाग येते. खोलीत ऊन तसंच आहे. उजवी तर्जनी ताठ, पार मनगटापर्यंत गार पडलीये. तिच्या टोकाला तुळशीचं एक पान चिकटलंय, ओलं, दुमडलेलं, अजून हिरवं.