डावरा राजा

ऐतिहासिक मालिकेतली राणी झोपली, की आमच्या बोरीची सगुणाबाई पुढं सरकून तिच्या तोंडाकडं बघते. मग म्हणते, "नथ न्हाई काढली. कूस बदलली की नाक फाटंल बयेचं."

बाकीचे लोक राणीच्या दुःखात असतात. सगुणाबाई तिच्या नाकात.

वय सत्तरीच्या पुढं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. उभा जन्म निंदणं, खुरपणं, कापूस वेचणं आणि विळ्यानं गहू सोंगणं यात गेला. आमच्या बौद्धवाड्यात तिचं घर माझ्या घरामागं, त्यामुळं तिचा आवाज मला पाळण्यापासून पाठ आहे. आणि मी छातीठोक सांगतो, या तालुक्यात पिक्चर बघणारे लाख असतील, पिक्चरला जाब विचारणारी ही एकच.

तिचे निकाल ऐकण्यासारखे असतात. मालिकेतल्या गरिबाच्या अंगावरचं ठिगळ बघून ती म्हणाली होती, हे शिंप्यानं हौसेनं लावलंय. खरं ठिगळ छातीवर मधोमध नसतं, ते कोपरावर असतं आणि बुडावर असतं, जिथं कापड झिजतं तिथं. लढाईत एक घाव तीनदा दाखवला, तर तिचं म्हणणं, एवढ्या वेळात तर मेलेला माणूस उठून घरी जाईल. दुःखाच्या प्रसंगाला वाजंत्री सुरू झाली की ती तोंड फिरवते. म्हणते, जुन्या पिक्चरात माणूस आधी गप बसायचा, मग रडायचा. आता माणसाच्या आधी पेटी रडायलीय.

पण जुनं ते सोनं, असलंही तिचं काही नाही. जुन्या पिक्चरातल्या बायका ऊठसूट नवऱ्याच्या पाया पडतात, त्याच्यावर ती आजही खवळते. आणि शिवणाच्या मशिनीवर बसून खोकणाऱ्या आईबद्दल तर ती दयामाया ठेवत नाही. त्या बाईला एक दिवस माझ्यासंगं कापसात पाठवा, म्हणते, खोकायला सवड भेटते का बघू.

एकदा कुठल्याशा मालिकेत राजाचा महाल दाखवत होते. झुंबरं, गालिचे, खांबच खांब. सगळे तोंड उघडं टाकून बघत होते. सगुणाबाई म्हणाली, "एवढा मोठा महाल, आन झाडताना कुणीच दिसत न्हाई. मंग आमी कुठं हावोत?"

माझी शाळा आठवीत सुटली, पुढचं शिक्षण मोर्च्यात झालं. मोठमोठी भाषणं ऐकली, स्वतः ठोकली. पण एवढ्या कमी शब्दांत एवढा मोठा सवाल कुणी टाकलेला मला ठाऊक नाही.

हे सगळे निकाल लागतात ते लिंगराजअप्पाच्या कापडदुकानाच्या ओट्यावर. अप्पा म्हणजे बोरीतलं जुनं लिंगायत घराणं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, मापात बेइमानी नाही, बोलण्यात मात्र तोरा. गावातला पहिला रंगीत टीव्ही त्यांच्याच दुकानात. लोक ओट्यावर बसून बघायचे, अजूनही बसतात. घरोघर टीव्ही आले, पण भांडायला ओटाच लागतो.

पूर्वी अप्पा तिला 'सगुणे' म्हणून हाक मारायचे. आमच्या बायकांना अशीच हाक असायची, आणि ती ऐकून घ्यायची रीत होती. एके दिवशी भर गिऱ्हाइकांत त्यांनी "सगुणे, सर पलीकडं" म्हटलं, आणि ही जागची न हलता म्हणाली, "सरते की, लिंग्या." त्या दिवसापासून ती सगुणाबाई आणि ते अप्पा. आमच्या वाड्याचे हक्काचे मोर्चे निघायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. नंतर आम्ही जे केलं, त्याची पायवाट या बाईनं पाडली होती.

तर या दोघांचं एक भांडण पन्नास वर्षं मिटलं नव्हतं. भांडण होतं एका राजाचं.

दोघं लहान असताना बोरीच्या जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. दरवर्षी तंबू तोच आणि पिक्चरही तोच, कारण त्याला गर्दी हटत नसे. एक राजा, त्याचं गेलेलं राज्य, आणि ते परत मिळवायची लढाई. पिक्चरचं खरं नाव काही का असेना, आमच्या वाड्यात त्याला 'डाव्या राजाचा पिक्चर' म्हणत. का, तर राजा डावरा होता. तलवार डाव्या हातात, सही डाव्या हातानं, शेवटी फितूर सरदाराच्या मुस्काटात हाणली तीही डाव्याच हातानं.

आणि सगुणाबाई डावरी आहे.

डावरी पोरगी म्हणजे काय भोग असतो, ते उजव्यांना कळायचं नाही. आईनं हात बांधून जेवायला बसवलं. लग्नानंतर पंगतीत डाव्या हातानं भाकर वाढली, तर पाहुणा पानावरून उठला. सोंगणीला तिची पात, म्हणजे कापायची ओळ, सगळ्यांच्या कडेला, कारण मधे बसली तर शेजारणीच्या हाताला विळा लागेल. विळ्याचे दात उजव्या हाताच्या बेतानं पाडलेले, ते तिला उलटे पडायचे. सासू म्हणाली, हात बदल, नाही तर माहेरी जा, गावातच तर आहे. हिनं सासूला सांगितलं, डाव्या हातानं राजा राज्य करतो, मला गहू सोंगता येत न्हाई व्हय? आणि लोहाराकडं जाऊन दुसऱ्या अंगानं दात पाडलेला विळा करून आणला. तो विळा हातात घेऊन ती कडेची पात अशी ओढायची, की मधल्या बाया मागं पडायच्या. तिच्या पुढच्या आयुष्याचा सगळा ताठा त्या राजाच्या हातातून आलेला होता.

अप्पांचं म्हणणं, राजा उजवा होता. डावरा राजा असतो काय कुठं, मी पुढच्या सतरंजीवर बसून पाहिलाय.

भांडण तोडायला पुरावा नव्हता. तो पिक्चर कुठं मिळतच नव्हता, टीव्हीवर कधी लागला नाही. औंदा मात्र कुणीतरी जुनी रिळं साफसूफ करून तो इंटरनेटवर टाकला, आणि अप्पांनी ओट्यावर पैजेची भाषा केली. राजा उजवा निघाला तर काय, असं त्यांनी चारचौघांत विचारलं.

"तर ह्या ओट्यावर पिक्चरचं नाव काढणार न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "आन डावरा निघाला तर तुमी गावापुढं तसं म्हणायचं."

अप्पांनी कबूल केलं. मी तिथंच होतो. ज्या बाईला मजुरीशिवाय कुणी काही विचारलं नाही, तिचं बोलणं सगळ्या जातीचे लोक थांबून ऐकतात अशी गावात एकच जागा आहे. ती तिनं एका राजाच्या हातावर लावली होती.

कुणीतरी मोबाइल पुढं केला, आत्ताच बघू म्हणून. तिनं तो बाजूला सारला. मोबाइलात राजा मुंगीएवढा दिसतो, म्हणाली, आणि मुंगी डावरी का उजवी हे देवाला तरी कळतं का. पडद्यावर बघू. जिथं पाहिला तिथंच.

मग आठवडी बाजाराच्या मैदानात, तंबू जिथं लागायचा तिथंच, पडदा लावला. तिची नात शुभदा परभणीला शिकते, ती कॉलेजातून प्रोजेक्टर मागून घेऊन आली. पडद्याला मांजरपाट अप्पांनी दुकानातून दिला, आणि चार लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं की हरणाऱ्याला तोंड लपवायला कापड आमच्याकडून. दोन बांबूंना ताणून बांधला. दिवेलागणीला अर्धी बोरी हजर. अप्पा खुर्चीवर, सगुणाबाई खाली सतरंजीवर, सगळ्यांत पुढं. मी सुरुवातीला चार शब्द बोलायला उभा राहिलो, तर तिनं माझा सदरा ओढला. "भाषण नको लेका, पडदा दिसू दे."

पिक्चर सुरू झाला. राजा घोड्यावरून उतरला, दरबारात आला, तलवार उपसली.

उजव्या हातानं.

अप्पा नुसते खाकरले. पण त्या खाकरण्याला मैदानभर हसू फुटलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, राजानं हात बदलला, सगुणाबाईला भिऊन. मी उठणारच होतो त्याच्याकडं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि बसलो. राजाच्या हाताकडं ती बघत होती, जसं घरचं माणूस फितूर निघाल्यावर बघावं. मांडीवरचा स्वतःचा डावा हात तिनं पदराखाली घेतला. त्या हाताला लपताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

शुभदा वाकत वाकत आली. आजीच्या कानाशी लागून म्हणाली, प्रोजेक्टरला एक बटन हाय, ते दाबलं की समदं चित्र उलटं होतं, डावं उजवं आन उजवं डावं. पडद्याच्या मागून चित्र टाकायचं असंल तर दिलेली सोय हाय ती. दाबू का?

"मागून?" सगुणाबाई म्हणाली.

आणि ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. तिची सावली राजाच्या दरबारावर पडली, लोक ओरडले, तिनं लक्ष दिलं नाही. बांबूला वळसा घालून ती पडद्याच्या पलीकडं गेली, जिथं गवत होतं, दगड होते, आणि कुणी नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेडाबरोबर आगही. तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढं सतरंज्या, अप्पांच्या घरासारखी घरं. आमच्या लोकांना पुढं जागा नव्हती. म्हणजे जागा होती, आमच्यासाठी नव्हती. आमचा अख्खा वाडा पडद्याच्या मागं बसायचा. माझी आई सांगायची, पिक्चरची अक्षरं उलटी दिसत असतील म्हणून, पण वाचता कुणाला येत होतं. राजाही उलटाच दिसत होता, हे कुणाच्या डोक्यात यावं? आमच्या लोकांनी उलटा राजा सरळ मानला आणि घरी आणला.

मी मागं गेलो. मांजरपाट पातळ होता, पलीकडून चित्र स्वच्छ दिसत होतं. राजाच्या डाव्या हातात तलवार होती. सगुणाबाई दगडावर बसली होती. पदराखालचा हात बाहेर आला होता.

माझ्या तोंडात भाषण तयार झालं होतं. कुणी कुणाला मागं बसवलं, त्याचा हिशोब आज या मैदानात मागायचाच, असं. तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, अप्पाला बोलाव.

मी जाऊन सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. अप्पा खुर्चीवरून उठले. येताना त्यांचं धोतर बांबूच्या दोरीत अडकलं, ते त्यांनीच सोडवलं. सत्तर वर्षं त्याच गावात, त्याच मैदानात, पण पडद्याच्या त्या बाजूला त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. सगुणाबाईनं शेजारच्या दगडावरची धूळ पदरानं झटकली नाही, नुसतं बोट दाखवलं. ते बसले.

राजानं सही केली. राजानं तलवार चालवली. अप्पा बघत राहिले.  

मग अप्पा म्हणाले, "इथून डावरा दिसायलाय."

"दिसायलाय न्हाई, अप्पा. हाय."

"पुढून उजवा हाय ना पण."

"हाय की. मी कुठं न्हाई म्हणले? आत्ता पुढून पाहूनच आले." तिनं लुगडं सावरलं. "पण बसवलं कुणी आमाला हितं? तुमीच. मंग हितून जे दिसलं ते खोटं कसं?"

अप्पा तिच्याशी पन्नास वर्षं वाद घालत आले होते.  या वेळी विभूतीवरून हात फिरवून म्हणाले, चला, बरोबरीत सुटलं.

"बरोबरीत कसं? मी दोन्हीकडून पाहिला. तुमी आत्ता आलात."

त्यावर अप्पा हसले. मोकळं, तोऱ्याशिवाय. मग दगडाला टेकून उठले, बांबूपाशी गेले आणि पुढच्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले, "राजा डावरा हाय. ज्याला पटत नसंल त्यानं हिकडं येऊन बघावं."

ऐकून गप्प बसणारं आमचं गाव नाही. आधी पोरं आली, मग बाया, मग सतरंज्या उचलून माणसं. शेवटच्या लढाईला निम्मी बोरी पडद्याच्या मागं गवतात बसली होती, आणि राजानं डाव्या हातानं फितुराच्या मुस्काटात हाणली तेव्हा जी शिट्टी पडली ती येलदरीच्या धरणापर्यंत गेली असेल. भाषण माझं राहिलं ते राहिलंच. तसंही सगळं बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मालिका लागली होती. राजा घोड्यावर, उजव्या हातात तलवार, मागं सैन्य. अप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, "काय म्हणता, सगुणाबाई?"

तिनं पुढं सरकून नीट पाहिलं.

"घोडं चांगलं हाय," म्हणाली. "राजा बदला."