मुंजाबाचं चारचौघांतलं उत्तर

सोळा सालच्या दुष्काळात पडेगावच्या मुंजाबानं मेंढरं विकून पाण्याचा जुना टँकर घेतला. शहर फुगत होतं आणि नळ कोरडे होते. शहरातल्या पुंडलिकनगरात त्याच्या रोज सहा खेपा व्हायच्या. पाणी आधी स्वतः ओंजळभर पिऊन मगच तो लोकांच्या टाकीत सोडे. असला सरळ माणूस शहराला पचत नाही.

तिथल्या पद्मजाताईंच्या टाकीत अळ्या निघाल्या. कॉलनीच्या ऑनलाइन मंचावर टँकरचा फोटो टाकून त्यांनी लिहिलं, हा घाण पाणी विकतो. मुंजाबाला वाचता येत नव्हतं, लेक शीलानं वाचून दाखवलं. त्याच्या भावकीत रीत अशी, की आळ चारचौघांत आला तर उत्तरही चारचौघांत द्यायचं. गप्प बसला तो चोर. त्यानं शीलाकडून लिहून घेतलं, पाणी चांगलंय, येऊन बघा.

मंचाची तऱ्हा न्यारीच. ज्या विषयाखाली कुणी लिहील तो वर चढायचा, लोक गप्प बसले की खाली बुडायचा. चार दिवसांत अळ्या विसरून लोक रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलू लागले असते. पण कुणी रिकामटेकडा टोमणा मारी, मुंजाबा उत्तर देई आणि टँकर पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येई. काही जण तर विषय वर चढावा म्हणून गंमतीनं नुसतं 'वर' लिहून जात. एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवतो विडी. सगळी शिकलेली माणसं! रोजच्या सहा खेपांच्या दोनच राहिल्या.

"आबा, तुमी उत्तर देता म्हून ते वर येतंय," शीला म्हणाली. "गप बसा."

"गप बसू? म्हंजी चोर ठरू?"

महिन्यानं पद्मजाताईंनी टाकी धुवून घेतली. झाकण फुटकं होतं आणि तळाशी मेलेलं कबुतर निघालं. त्यांनी नवा विषय लिहिला, चूक आमचीच, टँकरवाल्याची माफी मागते. जुना मजकूर पुसायचा मात्र राहून गेला. माफीखाली कुणी एक अक्षर लिहिलं नाही. निर्दोष माणसात कुणाला रस असतो?

शीला काकुळतीला आली. माफीखाली दोन शब्द लिहू, म्हणजे ती वर येईल, सगळे वाचतील.

"तिथं आळ कुठंय?" मुंजाबा म्हणाला. "आळ नाय तिथं उत्तर कशाला?"

तेवढ्यात जुन्या विषयाखाली कुणीतरी विचारलं, हा अजून विकतो का पाणी? मुंजाबानं शीलाला त्याचं उत्तर लिहायला सांगितलं. शीलानं रडत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुंडलिकनगरातून पाण्यासाठी एकही फोन आला नाही.