पुठ्ठ्यावरचं माकड

नातवाला न्यायला लवकर आलेल्या शिवराम सरांनी शकूताईंचं बडबडगीतांचं पुस्तक साबणाच्या पाण्यात भिजत घातलं, ते चांगल्या हेतूनं. त्याला वरण लागलेलं होतं आणि कोपरे अकरा बाळांनी आळीपाळीनं चघळलेले होते. अर्ध्या तासानं सरांनी बादलीत हात घातला, तर हत्ती आणि होडी यांचा एकच लगदा.

ठाकुर्लीत दोन खोल्यांत शकूताईंचं पाळणाघर एकोणीस वर्षं चाललंय. तिथली पोरं आता मिशा फुटल्यावर पेढे द्यायला येतात आणि शकूताई त्यांना अजून "आधी नाक पूस" म्हणतात. सरांचा सम्यक त्यांच्याकडेच असतो. दोन वर्षांचा झाला, तरी तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, वाट बघा. वाट बघणं हा विषय निवृत्त मुख्याध्यापकांना कधीच आला नव्हता.

"याच पुस्तकाला तोंड उघडायला लागलेला तो," शकूताई लगदा पिळत म्हणाल्या. "आता बसा."

सर बसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी साडीचं खोकं कापलं, यमकं जुळवली, माकड काढलं. सून प्रीती म्हणाली, "बाबा, कुत्रा छान आलाय." सरांनी खाली ठळक अक्षरांत 'माकड' लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाळांची जेवणं झाल्यावर सर उभे राहिले आणि प्रार्थनेच्या वेळच्या आवाजात वाचू लागले, "माकड चढलं फांदीवर, आंबा पडला डोक्यावर." चार बाळं रडली. सम्यक भिंतीकडे तोंड करून बसला.

"द्या इकडं." शकूताईंनी मांडी घातली, चित्र बाळांकडे धरलं. "माकड चढलं फांदीवर, आंबा पडला..." आणि थांबल्या.

सरांना उत्तर येत होतं. चाळीस वर्षांची सवय, तोंड उघडलंच. शकूताईंनी मान न वळवता त्यांना तळहात दाखवला. सरांनी ओठ मिटले. पुन्हा माकड चढलं, पुन्हा आंबा अडकला. तिसऱ्या खेपेला सम्यक वळला, स्वतःच्या टाळूवर हात ठेवला आणि म्हणाला, "डोक्याव."

सरांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.

"बघितलंत ना शकूताई, माझी कविता चालली."

"तुम्ही गप्प बसलात म्हणून चालली."