डुकरतोंड्या सरदाराची सुटका

गौळणीचं मुंडकं मी कापलं ते चुकून. म्हणजे कापलं जाणूनबुजूनच, करवतीच्या पात्यानं चांगलं पंधरा मिनिटं घासून. चूक एवढीच की ती मातीची गौळण टाकाऊ आहे असं मी धरून चाललो होतो. महालक्ष्म्यांच्या आराशीचं सामान माळ्यावर चढवताना ती खोक्याबाहेर राहिली होती. कमरेवर घडा, ओठांचा रंग उडालेला. मला एक धड हवं होतं, ते मिळालं. मागाहून कळलं की सासूबाईंनी लग्नात दिलेल्या पाच गौळणींपैकी ती मधली.

बायको दारात उभी राहिली. आधी माझ्या मांडीवरच्या धडाकडे पाहिलं, मग वर्तमानपत्रावर पडलेल्या मुंडक्याकडे.

"हे काहून केलं?"

"सरदार बनवून राहिलो."

"बाईचा?"

"डुकराचं तोंड लावणार आहे."

तिनं मुंडकं उचललं, पदरानं पुसलं आणि आत घेऊन गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलंही नाही.

चाळिशी ओलांडलेल्या, कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाला डुकरतोंड्या सरदार कशाला हवा, हे सांगायला हवं. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एकदा एक इंग्रजी मासिक सापडलं होतं. त्यातल्या एका फोटोत चांगले दाढीवाले बाप्ये एका मोठ्या टेबलाभोवती वाकून उभे होते, आणि टेबलावर डोंगर, नदी, पूल आणि बोटभर उंचीचे राक्षस. मजकूर मला अर्धाच कळला, फोटो मात्र पूर्ण कळला. तो मी माझ्या साडभाऊला दाखवला. साडभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, रेल्वेत कामाला, राहायला सक्करदऱ्याला. आयुष्यात मी केलेल्या चुकांत गौळणीच्या आधी ही चूक येते.

नियम आम्हीच बनवले. पायदळानं दोन आगकाड्यांइतकं सरकायचं, घोडेस्वारानं चार. कोण मेला ते कवड्या ठरवणार. भेगेत, खड्ड्यात किंवा तखताखाली पडला तो मेलाच. हा नियम साडभाऊचा, माझा एक घोडेस्वार सतरंजीच्या चुणीत आडवा झाला तेव्हा त्यानं जागच्या जागी केलेला. मेलेलं सैन्य ज्याचं त्यानं घरी न्यायचं. जिवंत धरलेला सरदार मात्र जिंकणाऱ्याचा कैदी, पुढली लढाई जिंकून सोडवेपर्यंत. आणि हरलेल्यानं पुढल्या वर्षीची रणभूमी बनवायची, जिंकलेल्यानं बाजू निवडायची. लढाई वर्षातून एकदा, भाऊबीजेला, सासुरवाडीला, महाल नावाच्या जुन्या वस्तीत. दोघी बहिणी तेव्हा माहेरी येत आणि मागोमाग आम्ही दोघे जावई.

पंच म्हणून आम्ही सासऱ्यांना बसवलं. चाळीस वर्षं शाळेत मास्तर होते, पोरांना उन्हात उभं करताना त्यांचा हात कधी थरथरला नव्हता. आम्हाला वाटलं, यांच्याइतका कडक पंच अख्ख्या महालात मिळायचा नाही. पण समोर पोरं नव्हती, जावई होते. जावयाला तुम्ही चुकलात असं तोंडावर सांगणं त्या माणसाच्या जिभेला जमणारंच नव्हतं. काहीही विचारा, ते चष्मा पुसत आणि म्हणत, "दोघांचंही बरोबर आहे." फारच ओढाताण झाली की म्हणत, "या वेळी थोरल्या जवायाचं ऐकू."

थोरला जावई तो. माझा सरदार पहिल्याच वर्षी असा कैदेत गेला. मी म्हणत होतो, तो टेकडीआड आहे. साडभाऊ म्हणत होता, अर्धा बाहेर आहे. सासऱ्यांनी चष्मा पुसला.

त्या सरदारासाठी मी काय केलं नव्हतं. मूर्तिकारांच्या चितारओळीतून टवके उडालेली चित्रं, म्हणजे मातीच्या बाहुल्या, मागून आणायचो, त्यांचे हात पाय वेगळे करून सरसानं भलतीकडे चिकटवायचो. डुकराचं तोंड एका वराहाच्या मूर्तीचं होतं. अंगावरचे खवले भोपळ्याच्या बियांचे, एकेक चिमट्यानं बसवलेले. पंख जुन्या छत्रीच्या कापडाचे. कमरेवरचा घडा निघेना म्हणून काळा रंगवून त्याचा तोफगोळा केला. कमर तेवढी गौळणीसारखी एका बाजूला झुकलेली राहिली, पण त्यानं सरदाराला एक बेफिकिरी आली होती असं माझं मत होतं. इतरांची मतं मी विचारली नव्हती.

साडभाऊनं त्याला नेलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. शोकेस नव्या टीव्हीच्या शेजारी, म्हणजे सगळ्या पाहुण्यांची नजर जाणार तिथं. हात मागं बांधलेले, लाल दोऱ्यानं. तोंड भिंतीकडे. मी त्याच्या घरी गेलो की साडभाऊ मुद्दाम कोणाला तरी बोलावून दाखवायचा.

"हे आमच्या लहान साडभाऊचे सरदार. कैदेत आहेत."

"काहून तिकडे तोंड करून ठेवले?"

"लाजतात बिचारे."

मी हसायचो. चहा प्यायचो. घरी परतताना सायकलचं पायडल असं हाणायचो की चेन दोनदा उतरली. त्या वर्षभरात मी साडभाऊच्या किती प्रकारे फजित्या केल्या, मनातल्या मनात, ते लिहायला बसलो तर वही पुरणार नाही. कचेरीत आवक टपालावर शिक्का मारताना मला त्याचं टक्कल दिसे. शिक्के फार स्पष्ट उठत. साहेबांनी एकदा कौतुकही केलं.

दसरा झाला आणि गावी शेती बघणाऱ्या थोरल्या भावाला, दादांना, भीत भीत विचारून मी तिकडून काळ्या मातीचं एक पोतं आणलं. आमचं शेत कापसाचं. ती माती ओली असते तेव्हा लोण्यासारखी, आणि वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. ते मला लहानपणापासून ठाऊक होतं; साडभाऊ पिढ्यान्‌पिढ्या शहरातला, त्याला नव्हतं. माझा सगळा बदला या एका गोष्टीवर उभा होता.

संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून तीन तुकड्यांत रणभूमी केली. एका बाजूला उघडं मैदान, चार दगड, एक ओहोळ, कुत्रं बसणार नाही असं. दुसऱ्या बाजूला किल्ला. असा किल्ला मी पुन्हा कधी केला नाही. बुरुज, तट, नगारखाना, वाळलेल्या दोडक्याच्या जाळीची झाडं, हिरव्या रंगात भिजवलेला लाकडाचा भुसा गवत म्हणून. पाहणाऱ्यानं हाच मागावा असा. आणि त्याच्या दरवाज्याच्या आत, चौकात, चार बोटं जाडीचा काळ्या मातीचा थर. तीन दिवस उन्हात ठेवला. कुठं कुठं भेग पडली ते नीट पाहून घेतलं आणि वरून भुसा भुरभुरला. लोभी माणूस किल्ला मागेल, चौकात सैन्य उभं करील आणि सैन्य जमिनीत जाईल. नियम त्याचाच.

"एवढं हसून काय राहिले एकटेच?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. किल्ला चांगला झाला."

"सणाच्या दिवशी माझ्या माहेरी तमाशा नको."

"तमाशा कशाचा गा," मी म्हणालो. 'गा' बाप्यालाच म्हणायचं असतं आणि ती बायको आहे, साडभाऊ नाही, हेही त्या दिवसांत माझ्या ध्यानात राहत नव्हतं.

भाऊबीजेला सकाळी सायकल रिक्षात फळ्या आडव्या धरून आम्ही महालात गेलो. सासऱ्यांच्या बैठकीतल्या तखतावर मी रणभूमी मांडली. साडभाऊ आला, कमरेवर हात ठेवून बघितलं.

"वा. यंदा फुरसत होती वाटते हापिसात."

"घ्या, बाजू घ्या," मी म्हणालो. आवाज शक्य तेवढा मेलेला ठेवला होता.

त्यानं किल्ल्याकडे पाहिलं. मैदानाकडे पाहिलं. मग मैदानाच्या बाजूच्या तिवईवर सासूबाईंनी ठेवलेल्या चकलीच्या ताटाकडे पाहिलं आणि खुर्ची तिकडे ओढली.

"मी इकडेच बसतो. तुम्ही घ्या किल्ला. एवढा जीव लावला तर."

एका चकलीसाठी माझं वर्ष गेलं. मी माझं सैन्य माझ्याच सापळ्यात मांडायला लागलो. भेगा कुठं आहेत ते मला माहीत होतं, पण रिक्षानं महालच्या गल्ल्यांत एवढे गचके खाल्ले होते की नव्या किती पडल्या ते माहीत नव्हतं. एक गिधाडतोंड्या मांडता मांडताच कमरेपर्यंत आत गेला.

"मेला," साडभाऊ चकली मोडत म्हणाला.

मग त्यानं पिशवीतून माझा सरदार काढला. लाल दोऱ्यासकट. आपल्या फौजेच्या पुढं उभा केला.

"हे काय?" मी विचारलं.

"कैदी आहे. पुढं चालवतो. मारा आता तुम्ही तुमच्याच सरदारावर."

नियमात असं कुठं नव्हतं आणि नव्हतं असंही नव्हतं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. दोघांचंही बरोबर होतं.

तासभर तो पुढं सरकत राहिला. माझे सात पडले, त्यातले चार भेगांत. किल्ल्याच्या दरवाज्याशी येऊन त्यानं सरदाराला दोन बोटांत धरून दारावर ठकठक केलं. "उघडा दार. नाहीतर याचं मुंडकं गेलं समजा."

दरवाज्याच्या बरोबर आत, उंबऱ्याला लागून, पहिल्या दिवशी पडलेली सगळ्यांत मोठी भेग होती. मी मान खाली घातली, हरल्यासारखी.

"उघडलं," मी म्हणालो आणि उरलेलं सैन्य मागं घेतलं.

साडभाऊनं सरदाराला आत सरकवलं. एक आगकाडी. दुसरी आगकाडी. भुसा खचला आणि डुकरतोंड्या डोकं खाली पाय वर असा कमरेपर्यंत गेला. पाय आणि छत्रीचे पंख तेवढे बाहेर.

"मेला," मी म्हणालो. "मेलेला ज्याचा त्याच्या घरी. द्या माझा सरदार."

"तो सैनिक नाही, कैदी आहे. कैदी मरत नसते."

"काहून मरत नसते? भेगेत पडला तो मेला, तुमचाच नियम."

"ते लढणाऱ्यासाठी आहे."

दोघेही पंचांकडे वळलो. सासऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. "या वेळीही थोरल्या..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि मी उठलो.

आत पानं वाढली होती. वडाभात, वर हिंगाची फोडणी. सकाळपासून मी दोन बिस्किटांवर होतो. तरी ओसरीत जाऊन, भिंतीला पाठ लावून बसलो आणि सांगितलं, "मले भूक नाही."

जावई रुसला. घरातलं सगळं थांबलं. सासूबाई दोनदा आल्या, तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मेहुणीनं समजावलं. मी तखताकडे बघत नव्हतो, पण कान तिकडेच होते. आत साडभाऊ म्हणत होता, "मंग मीबी जेवत नाही," आणि मेहुणी त्याला म्हणाली, "तुम्ही अर्धं ताट चकल्या खाल्ल्या, आता कशाचे रुसता? चला गुमान." रुसण्याचा पहिला डाव मी टाकला होता, एवढ्यावरच मी जिंकत होतो. पोटात कावळे ओरडत असताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी सासरे आले. ज्यांनी चाळीस वर्षं भल्याभल्यांच्या पोरांना ओणवं केलं ते माझ्यासमोर वाकले आणि हात जोडले. "जवाईबापू, सणाचा दिवस आहे. काय पाह्यजे ते घ्या, पण पानावर चला."

"मामाजी, मले काही नको. माझं आहे तेवढं द्या."

साडभाऊनं सरदार भेगेतून उपटला, दोरा सोडला आणि ओसरीत आणून माझ्या हातात ठेवला. तोंडात वडा होता त्याच्या, त्यामुळे बोलता आलं नाही. मला तेही आवडलं. मी उठलो, हात धुतले आणि दोनदा भात मागून घेतला. सासूबाईंनी वाढला.

संध्याकाळी प्रताप नगरला आमच्या घरी परतताना रिक्षात मी सरदार मांडीवर घेऊन बसलो होतो. एक खवला निघाला होता, तेवढाच. साडभाऊचा वडा भरलेला गाल पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं आणत होतो. बायको महालपासून तोंड तिकडे करून बसली होती. मला वाटलं दमली असेल. घराच्या वळणावर आलो तेव्हा ती बोलली.

"बाबांनी आजपर्यंत देवासमोर सोडून कोणासमोर हात जोडले नाही." पदर सारखा करत ती पुढं म्हणाली, "येत्या रविवारी तुमचे दादा येऊन राहिले ना गावावरून? मी त्या दिवशी जेवणार नाही. दादांनी विचारलं काहून, तर तुम्हीच सांगा त्याइले."