दोन रेघा आणि जोतिबाचे खेटे

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण चहा ओतलाय, तुम्हीही कान टवकारून बसलाय, तर ऐकाच. नवऱ्याची अब्रू मी माझ्या हातानं वेशीवर टांगली, आणि तीही एका बिब्ब्यापायी!

धाकट्या नातीला शाळेत घातलं त्या सालातली गोष्ट. माझी कंबर धरली होती. सुनेनं घरातले सगळे बिब्बे उकिरड्यावर फेकून दिलेले. "आत्ती, परत बिब्बा लावलासा तर बघा!" असा सासूलाच दम! पण मी काय ऐकणार? एक बिब्बा तांदळाच्या डब्यात दडवला होता. घरात कुणी नाही बघून दाभणाला टोचला, दिव्यावर धरला, तेल कमरेला चोपडलं, हात पदराला पुसले आणि तशीच गेले परसाकडं.

बिब्ब्याचं तेल पदराला पुसून जातंय होय?

दोन दिवसांत नको त्या जागी हे एवढाले फोड! बसवेना, चालवेना. चोरून डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"आजी, काही लावलं होतं का तिथं?"

"काय सुदीक न्हाय!"

खोटं बोलले. सुनेला कळलं असतं ना!

बिचाऱ्या बाईंनी खरं मानलं. म्हणाल्या, "मग हर्पीस असू शकतो. नागिणीच्या भावकीतलाच, पण हा गुप्तांगाला होतो. आता नवी झटपट तपासणी आलीय. रक्त या रोगाशी कधी झुंजलेलं असेल तर पट्टीवर दोन रेघा उमटतात, नसेल तर एक."

बोटाला टोचलं. पाव तास देवाचं नाव घेत बसले. मला अक्षर कळत नाही, पण दोन मोजता येतात की! दोन तांबड्या रेघा!

"ह्यो कशानं हुतो, बाई?"

"संबंधातून. लाज धरू नका, कुणालाही होतो. आणि ही पट्टी कधी कधी चुकते. मोठ्या लॅबला रक्त पाठवते, तोवर..."

तोवरच्या पुढचं ऐकायला मी तिथं होते कुठं? मी तर जन्मात दुसऱ्या पुरुषाकडं मान वर करून बघितलं नव्हतं. मग दुसरी रेघ आली कुठनं? म्हाताऱ्याकडनं! बिब्बा डोक्यातनं पार गेला. रक्त खोटं बोलतंय होय?

आमचं म्हातारं तालमीच्या कट्ट्यावर जोडीदारांबरोबर चहा पीत होतं. साधं माणूस. माघातल्या रविवारी अनवाणी चालत जोतिबाला जायचं, खेटे घालायचे, एवढाच काय तो नाद. मी तिथनंच सुरुवात केली.

"उठा! जोतिबाला म्हणून कुठल्या बाईकडं जात हुतासा?"

कप तोंडाशीच राहिला. "अगं, झालंय काय?"

"माझ्या रगतात निघालंय तुमचं देवदर्शन! चला, तुमचं बी रगत बघायचं हाय!"

"वैनी, जरा हळू की," एक जोडीदार म्हणाला.

"हळू कशाला? ऐकू दे गल्लीला!"

गल्लीनं ऐकलं. पलीकडच्या गल्लीनंही ऐकलं.

म्हातारं उठलं. चपला घातल्या, माझ्यापुढं चालत दवाखान्यात गेलं आणि बाईंपुढं बोट धरलं. मागनं कट्ट्यावरचे दोघंतिघं आलेच. बाई दार लावायला उठल्या, तर "ऱ्हाऊ दे उघडं!" म्हणून मीच अडवलं.

पाव तास झाला. एक रेघ. एकच! मी पट्टी उजेडात धरली, उलटी केली, पदरानं पुसली. एकच.

आला का घोळ ध्यानात? त्याची एक, माझ्या दोन! दारातनं कुणीतरी कुजबुजलं, "आयला, मग वैनींचं काय?"

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी उडी टाकली असती. म्हाताऱ्याला आता मला उलट विचारता आलं असतं. माझ्याच आवाजात, दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असं. ते दाराकडं वळलं आणि म्हणालं, "पट्टी चुकली आसंल. माझी बायको चुकायची न्हाय."

एवढंच. चाळीस वर्षं त्याच्या ताटात वाढलं, पण हे एक वाक्य माझ्या तोंडातनं त्याच्यासाठी निघालं नव्हतं.

"बाई, बिब्बा!" मी रडतच सगळं ओकले. बाईंनी कपाळ धरलं.

आठवड्यानं लॅबचा कागद आला. माझ्या रक्तात काही नव्हतं, झटपट पट्टीच चुकलेली. पण पट्टी गुपचूप चुकली, मी बोंबलून चुकले!

पुढच्या माघात म्हटलं, पाप फेडू. अनवाणी निघाले म्हाताऱ्याबरोबर खेट्याला. निम्मी गल्ली संगं होती. डोंगराच्या पायथ्याला तळपाय फोडांनी भरले, दगडावर बसकण मारली. म्हातारं वाकलं, माझा पाय हलकेच मांडीवर घेतला, फोड नीट निरखले आणि भर गर्दीत खणखणीत आवाजात विचारलं,

"काय गं, हे कुणाकडनं आणलंस?"