कापसाच्या ढिगावरची परीक्षा

समस्त सुज्ञ वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आर्णी तालुक्यातल्या एका घराच्या बैठकीत, छतापासून हातभर खाली, कापसाच्या ढिगावर एक विद्यापीठ चालत असे. त्याला घंटा नव्हती, फळा नव्हता आणि विद्यार्थिनी एकच होती, ती म्हणजे माझी वहिनी. पाहुणा आला की विद्यापीठ खाली उतरून चहा ठेवी. कोणत्याही इतिहासकाराने ही नोंद घेतलेली नसल्यामुळे ते ओझं माझ्या नाजूक खांद्यांवर आलं आहे.

आज सकाळी यवतमाळात माझ्या घरासमोरून कापसाची गाडी गेली. मागे कडुनिंबाच्या फांद्यांना पांढरे पुंजके लटकत राहिले, आणि उन्हात तापलेल्या सरकीचा तो कोरडा, किंचित तेलकट वास थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. आमच्याकडच्या माणसाला हा वास आला की त्याचं वय उतरायला लागतं. कापूस वेचून झाला की बरा भाव येईपर्यंत तो बैठकीतच राहायचा, कमरेइतका, मग छातीइतका, मग थेट आढ्यापर्यंत. माणसं उरलेल्या कोपऱ्यात अंग चोरून जगत. अंगाला खाज सुटे, आणि तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नसे, कारण खाज म्हणजे पीक बरं आलं.

वहिनीच्या शिक्षणाची कथा मात्र एका एसटीपाशी थांबलेली होती. बारावीच्या परीक्षेला ती माहेरच्या फाट्यावर उभी होती. गाडी आली, भरलेली होती, थांबली नाही. पेपर बुडाला, वर्ष बुडालं, आणि त्या वर्षात लग्न झालं. ती हे सांगताना हसायची. पण हसून झाल्यावर एखादं भांडं जरा जोरात घासायची.

मग ऑनलाइन शिक्षणाचं वारं आलं. पुढे घरी बसून तिनं बारावी काढली आणि बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. दादानं फोन घेऊन दिला. अडचण एवढीच की आमच्या घरात फोनला रेंज नव्हती. ती सापडली मांजरीमुळे. मांजरीनं ढिगाच्या माथ्यावर पिलं घातली, वहिनी ती बघायला वर चढली, आणि उजेडाच्या झरोक्याशी पोचताच तिच्या कमरेचा फोन दिवसभराचे निरोप एका दमात ओकला. पिलं खाली आली, वहिनी वर गेली. रोज दुपारी डोक्याला दुपट्टा घट्ट बांधून ती तिथे बसे. दुपट्टा बाबांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या हुकमानं.

"कापसात केस सापडले तं व्यापारी भाव पाडते," बाबा म्हणत. "अन् जास्त हालू नको. कापूस दबते."

"मामाजी, मी शिकून राह्यली, नाचून नाही राह्यली," ढिगावरून उत्तर येई.

शेवटची तोंडी परीक्षा होती, तीही फोनवरच. नापास झाली तर पुन्हा वर्षभर थांबणं, आणि गावात नवी बालवाडी निघत होती, ती काही वर्षभर थांबणार नव्हती. दृष्ट लागू नये म्हणून तिनं परीक्षेचा दिवस फक्त मला सांगितला. मोबाईल रुसला तर समजूत काढायला मी यवतमाळहून आलो, जणू मोबाईल माझं ऐकतो. आता बाबांचा नियम ऐका. कापूस विकायचा दिवस ते घरात कुणालाच सांगत नसत. बोललं की भाव पडतो, अशी त्यांची पक्की श्रद्धा. एका घरात दोन गुपितं, आणि दोघांनी नेमका एकच दिवस धरलेला.

वर फोनवर परीक्षक बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मूल पहिल्या दिवशी रडायला लागलं, तर काय कराल?" आणि खाली व्यापाऱ्याची माणसं आत शिरून पायथ्यापासून कापूस ओढू लागली. मी हातवारे केले. हमालांना वाटलं, मी त्यांना हुरूप देतोय. "आधी मी त्याला..." एवढं वहिनी म्हणाली आणि ढीग पोटातून बसला. रथात बसून यावी तशी ती सावकाश, ताठ बसूनच खाली आली. पडद्यावर बाईंचं तोंड उघडं राहून गोठलं, मग तेही गेलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"परीक्षा होती, मामाजी. याही वेळी गाडी थांबली नाही."

तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी भिंतीकडे बघत राहिलो. बाबांनी दारातल्या भरू लागलेल्या गाडीकडे पाहिलं, झरोक्याकडे पाहिलं.

"उलटवा रे," ते म्हणाले.

"काका, सगळा?" हमालानं विचारलं.

"नाही तं काय चव पाहाले?"

व्यापारी पुढे झाला. "काका, भाव सांजपर्यंत राह्यते का नाही, मी सांगत नाही."

"नको सांगू. गाठोडं उचल."

गाडीत चढलेला कापूस घरात परत येताना गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी, हमाल, इस्त्रीच्या शर्टातला व्यापारी, सगळे ढीग रचत होतो. खाटेवर पाय देऊन वहिनी वर चढली. भुवयांना पुंजके चिकटलेले. बाई पुन्हा उगवल्या, तोच प्रश्न घेऊन.

"आधी काहीच विचारणार नाही," वहिनी म्हणाली. "जवळ बसवीन. त्याचं रडू सरेपर्यंत थांबीन."

 तेवढ्यात खाली एका हमालाला दणदणीत शिंक आली. बाई म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे बरीच मंडळी खोळंबलेली दिसतात. पटकन आटोपू या का?"

इथे तुमचा जीव टांगणीला लावणार होतो, पण आज मन प्रसन्न आहे. ती पास झाली. भावही सांजपर्यंत टिकला. आता गावाशेजारी टॉवर आहे, रेंज अंगणात लोळते, आणि वहिनीच्या बालवाडीत रडणारी मुलं आपल्या सोयीनं गप्प होतात. फोनवरच्या शिक्षणानं काय कमावलं, काय गमावलं, यावर शहाणी माणसं वाद घालतात. मुलं अभ्यासाच्या नावाखाली खेळ खेळतात, हेही खरंच. मला एवढंच कळतं की, फाट्यावर उभी असलेली एक मुलगी बऱ्याच वर्षांनी तिथून निघाली. आजही कापसाचा वास आला की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरतं, आणि ऐकू येतो तो बाबांचा आवाज. बाईंनी आटोपू का म्हणताच, गुडघाभर कापसात उभे असलेले बाबा छताकडे तोंड करून ओरडले होते, "आरामानं विचारा मॅडम, गाडी म्या थांबवून ठेवली हाय."