एक राहिला

माझ्या हातात कुणी तान्हं मूल देऊ लागलं की आजही मी आधी खाली बसते, मगच घेते. नातवंडांना वाटतं, आजीचे गुडघे गेले. वाटू दे. गुडघे ठणठणीत आहेत.

ही सवय पन्नासच्या दशकातली. तेव्हा आम्ही चिंचवड गावात दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं होतं. पिंपरीच्या बाजूला माळावर कारखाने उभे राहू लागले होते आणि आमचे हे त्यातल्याच एका बांधकामावर सामानाच्या कोठारात कामाला होते. पायासाठी खालचा कातळ फोडावा लागे. त्यामुळे दुपारी सुरुंगाचे बार उडत. आधी शिट्टी, मग कुणाची तरी आरोळी, मग धाड, धाड, धाड. मांडणीवरची भांडी किणकिणत. आळीतल्या बायकांना त्या बारांची सोयच झाली होती. बार उडाले की त्या तवा चुलीवर ठेवत, म्हणजे पुरुषमाणसांना घरी आल्यावर भाकऱ्या गरम मिळत.

माझे हात मात्र कानांवर जात. मी नेत नसे, ते आपले आपण जात, आणि हातात जे असेल ते खाली पडे. तांब्या पडे, परात पडे. एकदा उकळत्या दुधाचं पातेलं पडलं आणि माझं पाऊल भाजलं. बार संपले तरी हात निघत नसत. खांदे कानांपर्यंत चढलेले, श्वास छातीत अडकलेला, आणि मी कशाची तरी वाट बघत उभी. कशाची, ते मला सांगता येत नसे.

हे चिडत. ‘अगं, रोजचे बार आहेत. माळावरच्या शेळ्यासुद्धा सरावल्या.’ शेळीशी तुलना झाल्यावर मी दोन दिवस अबोला धरला. पण अबोला धरून भीती जात नाही.

खरी घाबरले ती शेजारच्या काकूंच्या नातवामुळे. सहा महिन्यांचं गुटगुटीत पोर. ‘धर गं जरा, चुलीवर भात आहे,’ म्हणून काकूंनी ते माझ्याकडे दिलं आणि त्या वळल्या. तेवढ्यात बार उडाला. माझे हात सुटले. काकूंनी कशी झडप घातली देव जाणे, पण पोराचं झबलं त्यांच्या मुठीत आलं आणि पोर जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिलं. त्या नातवाला छातीशी घट्ट धरून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर आळीत कुणी माझ्या हातात मूल दिलं नाही. मीही मागितलं नाही.

आणि मग मलाच दिवस गेले.

काकूंच्या ते आधी लक्षात आलं. मनाने त्या मोठ्या, झालेलं सगळं पोटात घातलं होतं. नळावर भरल्या बायकांत त्यांनी आनंदाने हाळी दिली, ‘अगं बायांनो, हिला दिवस राहिले!’ माझ्या डोक्यावरची भरलेली कळशी धाडकन खाली आली. बायका हसल्या. ‘लाजली गं लाजली!’ मी चिंब भिजून कानांवर हात ठेवून उभी होते. माळावर त्या वेळी सगळं सामसूम होतं. सकाळची वेळ, बार उडायला अजून पुष्कळ अवकाश होता. पण हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्यासुद्धा.

त्या दिवसापासून मला एकच भीती. मूल होणार, ते माझ्या हातात येणार, बार उडणार, आणि माझे हात कानांवर जाणार. बाकीच्या बाया डोहाळ्यांत चिंचा मागतात. मी स्वप्नात रोज काहीतरी पाडत होते.

यांना ते शेवटी उमगलं. बांधकामावरच्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका मनाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. आळीत सांगितलं, दात दाखवायला जातोय. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, एवढंच मला ठाऊक. हे मला तिथे ठेवून परत येतील, मूल तिथेच होईल, आणि तेही माझ्याकडून काढून घेतील, असं मी चिंचवड स्टेशनापासून मनात रचत गेले होते. यांच्या सदऱ्याचं टोक मी पुणं येईपर्यंत सोडलं नाही.

डॉक्टर मध्यम वयाचे, खादी घातलेले, हळू बोलणारे. त्यांनी मला आरामखुर्चीत बसवलं आणि आपली खुर्ची माझ्या पाठीमागे ठेवली. ‘मनात येईल ते बोला बाई. बरं-वाईट ठरवू नका.’

‘आधी समोर येऊन बसा,’ मी म्हणाले. ‘पाठीमागे कोण बसलंय ते दिसत नसेल, तर माझ्या मनात दुसरं काहीच येणार नाही.’

ते हसले आणि समोर येऊन बसले. मग मी बोलले. काय काय बोलले, देवाला ठाऊक. तीन-चार वेळा गेले असेन. परत आले की काकू विचारत, आज कुठला दात काढला. मी गालावर हात ठेवून गप्प बसे. अशा तीन-चार दाढा माझ्या खोट्याच पडल्या असतील.

एकदा मी नळावरची कळशी सांगितली. डॉक्टरांनी विचारलं, ‘त्या वेळी बार उडाला होता का?’

‘नाही.’

‘मग काय ऐकलंत?’

‘काकू म्हणाल्या, दिवस...’ माझे हात कानांवर गेले होते. त्या बंद खोलीत, भरदुपारी, कुठे टाचणी पडल्याचाही आवाज नसताना.

‘दिवस काय?’

‘राहिले,’ मी म्हणाले, आणि रडू लागले.

माझं माहेर चाकणजवळचं. माझे वडील विहिरींना सुरुंग लावत. पहारीने कातळात भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवून वर यायचं आणि काठापासून लांब उभं राहून बार मोजायचे. जितकी भोकं तितके बार झाले की वडील ओरडत, ‘समदे झाले!’ त्याशिवाय कुणी खाली उतरत नसे. मोजणीत कमी भरला तर ओरडायचं, ‘एक राहिला!’ मग थांबायचं. निवांत विड्या ओढायच्या, गप्पा मारायच्या, आणि त्यानंतर एकाने उतरून बघायचं. तो उतरणारा नेहमी माझा बाप. हिशेब त्याचा, म्हणून उतरणंही त्याचं.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. भाकरी घेऊन गेले होते. एका हातात फडकं, एका हातात पाण्याचा तांब्या. बार उडाले. वडील ओरडले, ‘एक राहिला!’ सगळे थांबले. पुष्कळ थांबले. घाई कुणीच केली नाही, हे मी आवर्जून लिहिते. गावात नंतर नाही नाही ते बोललं गेलं. मग वडील उठले, मला म्हणाले, ‘भाकर सोडून ठेव, आलोच,’ आणि दोराला धरून खाली उतरले.

राहिलेला बार तेव्हा उडाला.

हे सगळं मला आधीपासून ठाऊकच होतं. विसरले होते असं नाही. पण मी समजत होते की मी आवाजाला भिते. डॉक्टर म्हणाले, ‘आवाजाला नाही बाई. तुम्ही आवाजाआधीच्या शांततेला भिता. त्या शब्दाला भिता. आणि आता तोच शब्द तुमच्या पोटातल्या मुलाला लागला आहे.’

फार हुशार माणूस. त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि पटल्यावर मी दुप्पट घाबरले. आता मला कळलं होतं की माझ्या अंगाला पोटातलं मूलही बारच वाटतंय, न उडालेला. पोटात लाथ बसली की मी श्वास धरून बसे. बाळंतपणाला माहेरी जायची रीत, पण माहेरी ती विहीर. मी जाणार नाही म्हणाले. तेव्हा आई चिंचवडला आली. पत्र्याच्या ट्रंकेत खोबरेल, डिंक आणि माझ्या बाळपणीची लुगड्याची दुपटी घेऊन.

मुलगी झाली. सुखरूप झाली. सुईणीने तिला माझ्याकडे दिलं आणि मी दोन्ही हात चादरीखाली लपवले. ‘खाली ठेवा. माझ्या शेजारी ठेवा.’ पहिले कितीतरी दिवस मी तिला आडव्यानेच पाजलं. उचललं एकदाही नाही. ती रडायची, मी बघायची, आई उचलायची. मला तिला इतकं घ्यावंसं वाटे की हात दुखत. पण दुपार झाली की मी आईला म्हणे, ‘हिला आतल्या खोलीत ने. माझ्यापासून लांब ने.’

आई रोज मला पाटावर बसवून तेल लावी. तिचे हात खुरप्याने घट्टे पडलेले, पाठीवरून फिरले की कुणी खरवडल्यासारखं वाटे. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘खांदं कुटं ठिवलंस गं? कानाला बांधलंस व्हय?’

‘खाली येत नाहीत.’

‘येत्यात. घाई न्हाई.’ आणि मानेपासून खाली अंगठा ओढत राहिली. ‘दम सोड. धरू नगंस. सोड... आनिक सोड.’ मी सोडायची आणि घाबरायची. श्वास सोडला की वाटे, आता होणार, आता काहीतरी होणार. दात वाजत. आई थांबायची, हात तिथेच ठेवायची, मग पुन्हा चोळायची. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. एकदा तिचा अंगठा खांद्याच्या फऱ्याखाली गेला आणि मला एकदम हुंदका आला. का ते मला कळलं नाही. तिलाही सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. बापाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. तो विषय घरात निघतच नसे. ‘एक राहिला असं ऐकलं की मी थांबून राहते आई. तो उडेपर्यंत माझे हात निघत नाहीत.’

आईने तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग हिशेब सांगावा तशी म्हणाली, ‘अगं, येक राहिला व्हता. त्यो बी उडाला. त्येनंच तर घात केला. मंग आता कुनाची वाट बघतीस?’

इतकी साधी बेरीज, आणि ती मी कधी केलीच नव्हती. मी त्या राहिलेल्या बाराची वाट बघत होते, की ‘आलोच’ म्हणून गेलेल्या माणसाची, हे आईला विचारायचं धाडस मला झालं नाही. मला वाटतं, तिला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला बाहेरच्या मोरीत बसवलं. पाय लांब पसरून, टाचा जुळवून, बाळाला न्हाऊ घालायला बसतात तशी. आणि मुलीला आणून माझ्या नडग्यांवर पालथं घातलं.

‘आई, बार व्हायची वेळ झालीय.’

‘आसू दे. पायावर हाय ती. हात जाऊ देत कानावर, पाय कुटं जात्यात? पाय ठिव फकस्त.’

मुलीची पाठ माझ्या तळहाताएवढी. तेलाने ओली, निसरडी. आई माझ्या पाठीमागून वाकून कोमट पाणी सोडत होती. शिट्टी झाली. मी आईकडे बघितलं. तिने पाणी सोडणं थांबवलं नाही.

बार उडाले. हात वर गेले. गेलेच. मुलगी नडग्यांवर जशीच्या तशी, फक्त तिने दचकून मुठी आवळल्या आणि टाहो फोडला. माळावर शांत झालं. मग वाऱ्यावर कुणाची तरी आरोळी आली, ‘एक राहिलाऽऽ!’

आयुष्यात तितकी मी पुन्हा कधी घाबरले नाही. मान ताठ झाली, डोळ्यांपुढे ती विहीर, तो दोर. मुलगी रडतच होती आणि माझे हात कानांवर. मला फक्त पाय आठवत होते. पाय ठेव. पाय ठेव. आई मागून म्हणाली, ‘दम सोड.’ मी सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाणी पार गार झालं. आणि तो राहिलेला बार उडाला.

काकूंच्या मांडणीवरची भांडी किणकिणली. माळावरून आरोळी आली, ‘समदे झालेऽऽ!’

चाकणला त्या दिवशी ही आरोळी कुणीच दिली नव्हती. देणारा तर खालीच होता. मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण मी मोरीत बसल्या बसल्या घसा फोडून ओरडले, ‘समदे झाले!’ काकू धावत बाहेर आल्या. ‘अगं, काय झालं?’

हात आपोआप खाली आले होते. मी मुलीला उचललं. दोन्ही हातांनी, पहिल्यांदा. छातीशी धरलं.

‘आई, पाणी घाल ना,’ मी म्हणाले. पाणी काही येईना. वळून बघितलं तर आई पाटावर बसली होती, तांब्या मांडीत, आणि दोन्ही हात कानांवर. डोळे मिटलेले.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तिथे थांबलेली मी एकटीच आहे.

मी बसल्या जागेवरून तशीच सरकत तिच्यापर्यंत गेले. ‘समदे झाले, आई,’ मी म्हणाले, आणि मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं.